डोंगराच्या पाळीतलं लग्न

आमच्या तालुक्यात मेघगिरी हे नाव एकच आहे आणि ते पाळीने वापरलं जातं.

ज्याची पाळी असेल त्याच्याकडे ते पंधरवडाभर असतं. बाकीचे तोवर बिननावाचे राहतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाटाला पाणी एकच असतं, ते सगळ्यांच्या शेतात एकदम जात नाही, नावाचंही तसंच. मी लहानू वाकचौरे, कालव्यावर पाटकरी होतो. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्यावरून शिव्या खाण्यातही. निवृत्त झालो तेव्हा गावाने नावाच्या पाळीचं कामही माझ्याच गळ्यात घातलं. हे काम पाण्यापेक्षा सोपं असेल असं मला वाटलं होतं. म्हातारपणीही माणसाला काहीबाही वाटतं.

नाव ऐकून परका माणूस विचारतो, डोंगर कुठे आहे? डोंगर नाही. आमचं गाव परातीसारखं सपाट आहे. चार घरं वरून बघायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि तिथे चढायला ग्रामपंचायत देत नाही. नाव कुठून आलं कुणास ठाऊक, पण एकदा आल्यावर जो तो घेत सुटला. स्टँडसमोरच्या लॉजने घेतलं. ब्रास बँडने घेतलं. दंतमंजनाने, डाळिंबाच्या एका वाणाने, ओढ्यापलीकडच्या वस्तीने, एका चिवड्याने, सोपानराव गाडे यांच्या बैलाने. गोसाव्यांच्या मुलाला तर बारशातच ते ठेवलं गेलं.

ही हकीकत त्या मुलाची आहे. मी लिहायला बसलो आहे ते दिवाळीत, आणि पाळी चिवड्याची आहे. म्हणून मुलाला मी नुसतं मुलगा म्हणणार. नाव लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिवडा येईल, आणि मग लग्न कुणाचं लागलं याचा घोळ होईल.

नाव नसताना कसं चालतं, तेही सांगायला हवं. लॉजची पाटी कोरी दिसते. राहून गेलेल्या गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर आपण कुठे उतरलो होतो ते सांगता येत नाही. काहींना ते सोयीचं पडतं आणि ते मुद्दाम त्याच दिवसांत येतात. बँड वाजतो चांगला, पण कुणाचा वाजला हे वरातीला आठवत नाही. बैलाला हाक ऐकू येत नाही. तशी त्याला पाळी असतानाही येत नाही, पण तो भाग वेगळा.

पाळ्यांची वाटणी जुनी आहे. दिवाळी चिवड्याने घेतली, मार्गशीर्षातली लग्नसराई बँडने, वैशाख लॉजने. पोळ्याचा पंधरवडा बैलाला मिळाला आणि तो न्यायच झाला. मुलाच्या आजोबांचा वाटणीच्या दिवशी सभेत डोळा लागला. जाग आली तेव्हा पितृपक्ष उरला होता. आजोबांनी अजून उशिरा डोळे उघडले असते तर तोही गेला असता. मुलगा तेव्हा पाळण्यात होता.

आणि माघाचा पहिला पंधरवडा डोंगराचा.

डोंगर नसला तरी त्याची पाळी आहे. जुन्या लोकांनी विचार केला की नाव ऐकायला डोंगराचं आहे, उद्या डोंगर आलाच तर त्याला काय तोंड दाखवायचं? म्हणून त्याला एक पाळी राखून ठेवली. सभेत त्याची एक खुर्ची असते. गावाच्या पश्चिमेचं गायरान त्याला उभं राहायला मोकळं सोडलेलं आहे. माघ लागला की नाव त्या गायरानात जातं आणि पंधरवडाभर तिथे पडून राहतं. कुणाच्याही उपयोगाचं नाही. पाटाचं पाणी असं पडून राहिलं असतं तर मुडदे पडले असते.

मुलगा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरून द्यायचं काम करतो. हात चांगला, स्वभाव शांत, बोलणं बेताचं. पण त्याचं लग्न जमेना. पितृपक्षात कुणी मुलगा बघायला येत नाही, आणि इतर वेळी येतात तेव्हा नाव दुसरीकडे असतं. दोन स्थळं अशीच मोडली. पाहुणे विचारत, "नाव काय म्हणालात?" आणि बैठकीत सगळे पोह्यांकडे बघत बसत. एका पाहुण्याला वाटलं, मुलगा तुरुंगातून आला असावा.

तिसऱ्या खेपेला मंजुळा पुरीचं स्थळ आलं. ती घाटाकडची, डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली. तिला बरोबर घेऊन आलेल्या मामांनी कप उचलता उचलता विचारलं, "पोराचं नाव काय म्हणायचं?"

मुलाच्या आत्या द्वारकाबाई म्हणाल्या, "नाव हाय ओ, झ्याक नाव हाय. पण सध्या दंतमंजनाकडं गेलंय."

मामांनी कप खाली ठेवला. मीही बैठकीत होतो. मनात म्हटलं, गेलं, हेही गेलं. तेवढ्यात आतल्या दारातून मंजुळा म्हणाली, "मामा, च्या प्या, निवतोय. नाव आज ना उद्या येईल. माणूस हितं हाय ना?"

मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते बघून मला, खोटं कशाला सांगू, गहिवरून आलं. त्या पोराला माणूस म्हणून कुणी पहिल्यांदाच मोजलं होतं.

लग्न ठरलं. अडचण पुढे होती. आमच्याकडे नवी नवरी उंबऱ्यावर आली की आत्या दार अडवते. नवरीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मग माप ओलांडायचं. दिवेलागणीच्या आत नाव नाही घेतलं तर नवरी त्याच वाटेने माहेरी परत. असं आजवर कुणाचं झालेलं नाही, पण रीत ती रीत, आणि द्वारकाबाई दारात म्हणजे दगडी चौकट.

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "आप्पा, दोनदा गिळलं मी. ही माघारी गेली तर मला न्हाई गिळायचं. कुणाकडनं तरी एक पाळी बदलून द्या."

पाळी बदलता येते. ज्याची पाळी आहे त्याने सभेत हो म्हणावं लागतं आणि मागणाऱ्याने बदल्यात आपली पाळी त्याला द्यायची, एवढीच अट. मी मारुतीपुढे सभा बोलावली. लॉजला जागचं हलता येत नाही म्हणून त्याच्या वतीने काउंटरवरचे भिसे आले. चिवड्याचं पाकीट खुर्चीवर ठेवलं होतं. ते फोडलेलं नाही हे मी आधी तपासलं, कारण मागच्या सभेत ते फुटलं आणि ठराव होईपर्यंत सभासदच संपला. बैल स्वतः आला. डोंगराची खुर्ची रिकामी होती.

बँडमास्तर रज्जाकभाई म्हणाले, "मार्गशीर्ष मागू नका आप्पा. नाव दिलं तर याच्याच वरातीत आम्ही बिननावाचे वाजवणार. लोक विचारतील, बँड कुणाचा? मग तुम्ही काय सांगाल, नवऱ्या मुलाचा?"

यात तथ्य होतं. भिसे म्हणाले, "वैशाख म्हणजे आमचा हंगाम. त्याच्या बदल्यात पितृपक्ष घेऊन आम्ही काय करू? कावळे उतरवू?"

बैलाने मात्र विचारायच्या आतच मान हलवली. पोळ्याचा पंधरवडा तो आनंदाने देत होता. पण पोळा चातुर्मासात येतो आणि चातुर्मासात लग्नाचा मुहूर्त नसतो. ज्याला द्यायचं मन आहे त्याच्याजवळ उपयोगाचं काही नसतं, हे मी पाटावरही पाहिलं होतं. मुलाने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि सभा संपली.

दंतमंजन, डाळिंब आणि वस्ती यांच्या पाळ्यांत मुहूर्तच निघत नव्हता. राहिला माघ. गुरुजींनीही मुहूर्त नेमका माघातलाच काढला. मुलाचा चुलतभाऊ म्हणाला, "आप्पा, गायरानात नाव नुसतं पडून असतंय. गुपचूप उचलून आणू की. बघायला कोण बसलंय?"

मी त्याला हाकलून दिलं. पाट फोडून पाणी पळवणारे मी आयुष्यभर पकडले, आणि ते सगळे हेच म्हणायचे. नाव चोरणाऱ्याची पाळी कायमची बंद होते. मग त्या पोराला पितृपक्षही उरला नसता.

लग्न त्याच मुहूर्तावर झालं. पत्रिकेत चिरंजीवच्या पुढे मोकळी जागा ठेवली होती आणि खाली बारीक अक्षरात 'नाव पितृपक्षात कळवू' असं छापलं होतं. गुरुजींनी मंत्रात 'अमुकनाम्ने वराय' म्हणून वेळ मारून नेली. अक्षता पडल्या, जेवणं झाली, जिलबी कमी पडली, सगळं रीतसर झालं. तिसऱ्या प्रहरी वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरलेलं होतं आणि त्याच्यामागे द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"नाव घे, मग आत ये."

मंजुळा म्हणाली, "माहेर माझं डोंगरकुशीत, सपाट रानात सासर..." आणि थांबली. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, पण नावाच्या जागी काहीच येईना.

"लाजली गं बाई!" कुणीतरी म्हणालं.

"लाजायला काय झालं?" मंजुळा म्हणाली. तिने पुन्हा उखाणा धरला, पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्यांदाही तेच. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याच्या उपरण्याला तिचा शालू बांधलेला होता आणि गाठ ताणली जाऊ नये म्हणून तो हलतही नव्हता. सूर्य टाकीच्या खाली उतरला होता. तिच्या मामांनी जीपवाल्याला थांबून राहायला सांगितलं, ते मी ऐकलं.

मंजुळाने विचारलं, "नाव आत्ता हाय कुणाकडं?"

"डोंगराकडे," मी म्हणालो.

"आन् डोंगर?"

"डोंगर नाही."

"न्हाई म्हंजी कुठं न्हाई?"

इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हात करून दाखवलं. "तिकडे, पश्चिमेला. गायरानात नाही."

"मग चला तिथं. आमच्याकडं डोंगरात गवताला जायचं झालं तरी आधी पायथ्याला उभं राहून हाळी देतात. त्यानं आवाज माघारी दिला तर जायचं, न्हाई दिला तर घरला यायचं."

"अगं, पण जो नाही त्याला हाळी कशी द्यायची?" मी म्हणालो.

"असणाऱ्याला बी तशीच देतात," ती म्हणाली आणि चालायला लागली. गाठीमुळे मुलालाही निघावं लागलं. त्यांच्यामागे आत्या, मामा, बँड, बैल आणि मी. द्वारकाबाईंनी उंबऱ्यावरचं माप तसंच ठेवून शेजारणीला राखणीला बसवलं, कारण कोंबड्यांना रीतभात नसते.

गायरानात कुसळी गवताशिवाय काही नव्हतं. मंजुळाने तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी दिली. ती गेली ती गेलीच. माघारी काही आलं नाही. मामांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी खाकरलो आणि निकाल सांगायला तोंड उघडलं. डोंगराचा होकार नाही, म्हणून पाळी बदलता येत नाही, असं मला म्हणायचं होतं. मंजुळाने मला थांबवलं.

"आप्पा, त्याला अक्षत दिली होती का?"

"कुणाला?"

"डोंगराला. पाळी त्याची, नाव त्याच्याकडं, लगीन त्याच्या पंधरवड्यात. आवतण कोण घेऊन गेलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आम्ही सभेत त्याची खुर्ची ठेवतो."

"खुर्ची ठेवता, पण बस म्हणता का?"

तेव्हा द्वारकाबाईंनी जोरात कपाळावर हात मारला. ही बाई भावाच्या लग्नात अक्षत उशिरा आली म्हणून मांडवात आलेली नव्हती. बाहेर बाभळीखाली बसून तिने तो सोहळा बघितला होता. मानपानातलं तिला कळत नाही असं काही नाही. "रुसलाय तो!" त्या म्हणाल्या. "आन् का रुसू नये? वर्षानुवर्षं नाव राखून ठेवायचं, जागा राखून ठेवायची आन् तोंडानं एकदा या म्हणायचं न्हाई. मी असते तर मी बी आले नसते."

हे म्हटल्याबरोबर सगळ्यांना पटलं. ज्या लग्नात कुणी रुसत नाही ते लग्नच नव्हे, आणि या लग्नात तोवर कोण रुसलंय ते सापडत नव्हतं. द्वारकाबाईंनी दार अडवायचं काम सोडून हे हातात घेतलं. अक्षता मागवल्या, नारळ मागवला, आहेरातला टॉवेल आणि टोपी मागवली. माणसं मारुतीपुढची रिकामी खुर्ची डोक्यावर घेऊन आली आणि गायरानाच्या मधोमध मांडली.

आहेर वाटणारे तात्या टोप्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याजवळ आले. "आप्पा, टोपी कितव्या नंबरची देऊ?"

"सगळ्यात मोठी."

"सगळ्यात मोठी तेवीस नंबर."

"तीच द्या. कमीजास्त झालं तर बघू."

आत्यांनी खुर्चीला कुंकू लावलं, पाठीवर टॉवेल टाकला, त्यावर टोपी ठेवली, नारळ दिला. मग पदर सावरून पश्चिमेकडे बघत म्हणाल्या, "चुकलं आमचं. लहान लेकराचं लगीन हाय, राग धरू नका. या, बसा, दोन घास खाऊन जा. जिलबी संपलीय, पण बुंदी हाय." रज्जाकभाईंना मी खूण केली आणि बँडने वाजवणं थांबवलं.

सूर्य जमिनीला टेकला होता. मंजुळाने पुन्हा हाळी दिली नाही. ती सरळ उखाणाच म्हणाली, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. नावाच्या जागी आली तेव्हा तिने तोंड उघडं ठेवलं आणि नावाला लागेल तेवढा वेळ गप्प राहिली. मग पुढचं म्हणून टाकलं.

थोडा वेळ गेला. आणि आवाज माघारी आला.

त्या आवाजात काय होतं ते मला आज लिहिता येत नाही, कारण त्यात नाव आहे आणि चिवड्याची पाळी संपायची आहे. पुढचं माघात लिहितो.

माघ लागला. लिहायला बसलो आहे.

आवाज असा आला: "माहेर माझं डोंगरकुशीत, सपाट रानात सासर, मेघगिरीरावांचं नाव घेते, डोईवर घेऊन पदर."

नावासकट. आवाज मंजुळाचाच होता, थोडा जाड झालेला. मेघगिरीने मान वर केली. स्वतःचं नाव त्याने लग्नसराईत कधी ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते उपरण्याने पुसले, त्यामुळे गाठीबरोबर मंजुळाही जवळ ओढली गेली.

मग रज्जाकभाई म्हणाले, "आप्पा, हा होकार कसा धरता? आवाज तर पोरीचाच होता."

"आवाज तिचा, मान्य," मी म्हणालो. "पण नाव तिच्या तोंडात नव्हतं. ते ज्याच्याकडे होतं त्याने दिलं. होकार धरला."

"आणि बदल्यात पितृपक्ष? डोंगराला चालेल?"

"त्याला कुठे स्थळं बघायची आहेत?"

बैलाने मान हलवली आणि ठराव मंजूर झाला. तिथून सगळे घरी आले. द्वारकाबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या, कारण एकदा गायरानात झालं म्हणून उंबऱ्यावर सूट नाही. मंजुळाने नाव घेतलं. आत्यांनी "ऐकू न्हाई आलं" म्हणून दुसऱ्यांदा घ्यायला लावलं, आणि तिसऱ्यांदा मेघगिरीने स्वतःच हळूच "अजून एकदा" म्हटलं. दिवा लागायच्या आत माप ओलांडलं गेलं. मामांनी जीप सोडून दिली.

खुर्ची गायरानातून परत आणली तेव्हा टॉवेल होता. टोपी नव्हती.

भाद्रपदात डोंगराची पहिली पाळी आली. पितृपक्ष लागला आणि गावात संध्याकाळ लवकर व्हायला लागली. सूर्य एरवी जमिनीपर्यंत जातो, तो त्या पंधरवड्यात तिथे पोचायच्या बराच आधी गायरानामागे जायचा आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत सावली यायची. वस्तीचे लोक तक्रार घेऊन आले, वाळवणं वाळत नाहीत म्हणाले. मी सांगितलं, पाळी त्याची आहे. कावळे पिंडाला उशिरा शिवले, कारण ते वर माथ्यावर जाऊन बसत होते. लॉजने पश्चिमेच्या खोल्यांचं भाडं वाढवलं. भिसे आता म्हणतात, पितृपक्ष आम्हीच घ्यायला हवा होता. पंधरवडा संपला आणि गायरानात परत कुसळी गवत.

मेघगिरीकडे नाव आता माघात असतं. त्या पंधरवड्यात मंजुळा सकाळ-संध्याकाळ उखाणे घेते, शेजारणी कंटाळल्या आहेत. बाकीचं वर्ष ती त्याला "अहो" म्हणते. बायको "अहो" म्हणायला लागली की माणसाला नावाची फार गरज पडत नाही, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं होतं, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एकच गोष्ट निकालात निघायची आहे. पितृपक्षात एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मंजुळाने चुलीपासून हाक मारली, "अहो!"

मोटार भरता भरता तो म्हणाला, "ओ!"

थोड्या वेळाने पश्चिमेकडूनही आला, "ओ!"

मंजुळाने दोन कप चहा ओतला होता, त्यात तिने तिसरा ओतला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. तो माझ्यासाठी नव्हता. मला चौथा दिला.

येत्या सभेत 'अहो' कुणाचं, हा विषय घेणार आहे. आवतण त्याला द्वारकाबाई स्वतः देऊन आल्या आहेत, आणि तात्यांनी शहरातून मोठी टोपी शिवून आणली आहे.